सुई पोळ्याआधी, ताप पोळ्यानंतर

पोळा शुक्रवारी झाला. पुढच्या मंगळवारी दुपारी दोनच्या सुमारास आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या फाटकातून एक मोटारसायकल आत आली. पुढे मुलगा, मागे पुतण्या आणि दोघांच्या मधे गच्च धरून बसवलेला ६२ वर्षांचा कास्तकार. मान छातीवर पडलेली, श्वास दहा फुटांवरून मोजता येईल असा. मी त्याला लगेच ओळखलं. आठच दिवसांपूर्वी याच वऱ्हांड्यात त्याने फ्लूची लस घेतली होती. बाही वर करत सिस्टरला म्हणाला होता, "टोचा बाई, यंदा तरी खोकल्यातून सुटू द्या."

मुलाने गाडी स्टँडवर लावायच्या आधीच सुनावलं, "डॉक्टरसाहेब, तुमची सुई घेतली तवापासूनच बाबाले बरं नाई."

पुढचे दोन महिने मी या एका वाक्याचं उत्तर शोधत होतो. त्यातलं जे हाती लागलं ते इथे मांडतो. जागा वर्धा आणि यवतमाळ जिल्ह्यांच्या सीमेजवळची, काळ्या जमिनीची, कपाशी-तूर-सोयाबीनची. गावाचं आणि केंद्राचं नाव लिहीत नाही, आणि माणूस ओळखू येईल असे तपशील बदलले आहेत.

मंगळवारची दुपार

ताप १०२.४, श्वास मिनिटाला ३२, नाडी ११८, बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन ८८. साखर ३८६. मधुमेह सात वर्षांपासूनचा, गोळ्या आठवण आली तर. ताप रविवारी सकाळी भरला, अंग ठेचल्यासारखं दुखत होतं, खोकला कोरडा. सोमवारी बाजाराच्या गावात एका खाजगी डॉक्टरकडे नेलं. तिथे सलाईन लागलं, दोन इंजेक्शनं झाली. कसली, ते घरच्यांना माहीत नव्हतं. साखरेचा आकडा पाहून त्यातलं एक स्टेरॉइड असावं असा मला संशय आला, पण तो संशयच.

आणि मग पुतण्याने सहज सांगितलं की शनिवारी काकाने फवारणी केली होती.

विदर्भाबाहेरच्या वाचकाला या वाक्याचं वजन कळणार नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० च्या आसपास माणसं गेली, शेकडो भरती झाली. तेव्हापासून ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये धाप लागलेला कास्तकार आला की आमचा हात आधी विषबाधेवरच्या उताऱ्याकडे, म्हणजे अ‍ॅट्रोपिनकडे जातो. याच्या बाहुल्या आकसलेल्या नव्हत्या, तोंडाला लाळ नव्हती, नाडी मंद नव्हे तर जोरात होती. म्हणजे ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांच्या विषबाधेचं चित्र नव्हतं. पण हल्लीची सगळीच औषधं त्या चित्रात बसत नाहीत, म्हणून मी मुलाला औषधाचा डबा आणायला वावरात पिटाळलं. तो परत येईपर्यंत साडेतीन वाजले. ऑक्सिजन लावला होता, साखरेचं पाहत होतो, १०८ ला फोन केला होता. पण फ्लूची गोळी त्या दीड तासात दिली नाही. ती माझ्या कपाटात होती. लस घेतलेल्या माणसाला फ्लू कसा होईल, असं माझ्याही डोक्यात कुठेतरी बसलेलं होतं. मुलाला लस बाधली असं वाटत होतं, मला लसीने काम भागलं असं. चुकलो दोघंही.

चारच्या सुमारास ती गोळी, म्हणजे ओसेल्टामिविरची ७५ मिलिग्रॅमची पहिली कॅप्सूल, पोटात गेली. हे औषध लक्षणं सुरू झाल्यापासून ४८ तासांच्या आत दिलं तर सर्वांत कामाचं. आम्ही त्या मुदतीच्या सात-आठ तास पुढे होतो. गंभीर रुग्णाला उशिरानेही द्यायचंच असतं. धाप, छातीत दुखणं, रक्ताळ थुंकी, निळसर नखं, उतरलेला रक्तदाब यांतलं काहीही दिसलं की रुग्ण सरकारी वर्गवारीत 'क' गटात जातो. त्याची तपासणी करायची, त्याला भरती करायचं आणि अहवालाची वाट न पाहता गोळी सुरू करायची. 'अ' गट म्हणजे साधी सर्दी-ताप, त्यांची ना तपासणी ना गोळी. मधला 'ब' गट हा खरा कसोटीचा: मधुमेही, गरोदर, म्हातारे, लहान मुलं, हृदयाचे-फुप्फुसाचे रुग्ण. ते चालत येतात, बोलतात, बरे दिसतात, आणि नेमकी त्यांनाच गोळी पहिल्या दिवशी हवी असते. आमचा माणूस रविवारी 'ब' होता. मंगळवारी 'क' झाला.

घशातला आणि नाकातला नमुना बर्फावर नागपूरला गेला. शुक्रवारी अहवाल आला: इन्फ्लुएन्झा ए, एच३एन२, म्हणजे फ्लूच. तो नऊ दिवस मोठ्या दवाखान्यात होता, ऑक्सिजनवर. व्हेंटिलेटर लागला नाही.

पानठेल्यावरचा निकाल

अहवाल यायच्या आधीच गावात निकाल लागला होता. "सुईनंच ताप आनला." पानठेल्यावर, चक्कीवर, निंदणाच्या तासात, सगळीकडे हेच. मुलगा खोटं बोलत नव्हता. सोमवारी सुई, रविवारी ताप, मंगळवारी ऑक्सिजन. या क्रमातून दुसरा कोणता अर्थ काढणार?

एका ८५ वर्षांच्या आजीने तर मला थेट मानमोडीपर्यंत नेलं. तिची सासू सांगायची, मानमोडीच्या वर्षी घरातलं एक माणूस जाळून येईपर्यंत दुसरं गेलेलं असायचं. १९१८ च्या त्या फ्लूच्या साथीत मध्य प्रांत आणि वऱ्हाड देशातल्या सर्वांत जास्त होरपळलेल्या भागांपैकी होते. त्याच वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता. आजीचा प्रश्न मात्र आजचा होता. "तवा सुई नव्हती अन् मानसं मेली. आता सुई हाय अन् तरी बिमार पडतात. मंग फरक काय पडला, बावा?"

तारखा लावून पाहिल्या तर हिशेब सरळ होता. लस टोचल्यावर शरीरात पुरेशी प्रतिपिंडं तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. फ्लूचा विषाणू अंगात शिरल्यापासून ताप येईपर्यंत एक ते चार दिवस, बहुतेकदा दोन. रविवारी सकाळी ताप म्हणजे लागण शुक्रवारच्या आसपासची, पोळ्याच्या दिवशीची. त्या दिवशी अख्खं गाव मारुतीच्या पारासमोर खांद्याला खांदा लावून उभं होतं, तोरणाखाली बैल, झडत्या, आरोळ्या. दुसऱ्या दिवशी पहाटे पोरं ओरडत फिरली, "रोगराई, खोकला घेऊन जाय गे मारबत." गावची पीडा मारबत बाहेर नेते असं मानतात. खोकला मात्र तिच्याबरोबर गेला नाही. तो आदल्या दिवशीच घरोघरी वाटला गेला होता. लसीने काम करायला अजून दहा दिवस हवे होते, तिला चार मिळाले.

लसीतून फ्लू होणं तर शक्यच नाही. आपल्याकडे दिली ती मेलेल्या विषाणूचे तुकडे असलेली लस. दंड दुखतो, एखादा दिवस अंग कसकसतं, बारीक ताप येतो. धाप लागत नाही.

हे सगळं मी पारावर उभं राहून समजावलं. लोकांनी ऐकून घेतलं. मग एकजण म्हणाला, "पन साहेब, तुमीच तं सांगतलं होतं, सुई घेतली का ताप येनार नाई."

खरं होतं. लस आली त्या आठवड्यात ग्रामपंचायतीच्या सभेत मी जसंच्या तसं हेच म्हणालो होतो. डोस खपवायचे होते, लोक घाईत होते, आणि छोटं वाक्य सोपं पडतं. पोलिओ-गोवरच्या लसी देऊन आमची जीभ तशा वाक्याला सरावलेली असते. फ्लूच्या लसीला ते वाक्य झेपत नाही. लसीतले विषाणू आणि त्या वर्षीचे फिरते विषाणू नीट जुळले, तरी फ्लूने दवाखान्याची पायरी चढायची वेळ साधारण ४० ते ६० टक्क्यांनी टळते. जुळले नाहीत तर त्याहून खाली; अमेरिकेत २०१४-१५ च्या हंगामात एच३एन२ बदलला आणि लसीचा उपयोग २० टक्क्यांच्याही आत आला. आपल्या देशातही हरियाणातल्या बल्लभगडजवळच्या खेड्यांत २००९ पासून तीन वर्षं मुलांना लस देऊन अभ्यास झाला. संरक्षण दरवर्षी वेगळं निघालं, आणि पहिल्या वर्षी सर्वांत कमी, कारण मधेच आलेला साथीचा नवा विषाणू त्या लसीत नव्हताच. त्यात म्हाताऱ्या आणि मधुमेही शरीरात लस कमी जोमाने रुजते. काही देशांत म्हणून पासष्टीपुढच्यांना चौपट मात्रेची लस देतात.

दुसरं म्हणजे 'ताप' हा शब्द. आमच्याकडे पावसाळ्यात ताप म्हणजे फ्लू, डेंगू, चिकुनगुनिया, मलेरिया, टायफॉइड, आणि २०१८ मध्ये नागपूर भागात ज्याने बराच घोर लावला तो स्क्रब टायफसही. सगळ्यांना गावात एकच नाव. मी सभेत 'ताप येणार नाही' म्हणालो तेव्हा नकळत या सगळ्यांची हमी घेऊन बसलो.

परिणाम लगेच दिसला. आमच्याकडे ३० डोस आले होते. पोळ्याच्या आठवड्यापर्यंत १७ लागले होते. पुढच्या तीन आठवड्यांत दोन लागले, ते दोन्ही आमच्याच कर्मचाऱ्यांना. यादीतल्या तीन गरोदर बायांनी साफ नकार दिला. त्यातली एक आशाताईंची, म्हणजे गावच्या आरोग्य स्वयंसेविकेची, चुलत जाऊ होती.

ऑगस्टमध्ये का?

खरा घोळ इथे आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

फ्लूचा विषाणू अंगावरची प्रथिनं थोडी थोडी बदलत राहतो. जागतिक आरोग्य संघटना जगभरच्या प्रयोगशाळांतून आलेले नमुने पाहून वर्षातून दोनदा लसीची यादी ठरवते: फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी, सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी. तिथून लस बाजारात यायला सहाएक महिने लागतात, कारण बहुतेक लस अजूनही कोंबडीच्या फलित अंड्यांत वाढवली जाते. म्हणजे सप्टेंबरच्या यादीची लस मार्च-एप्रिलमध्ये हाती येते, फेब्रुवारीच्या यादीची ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये.

आता नकाशा पाहा. भारत उत्तर गोलार्धात आहे. पण काश्मीरसारखा भाग सोडला तर आपला फ्लू थंडीची वाट पाहत नाही. तो पावसाबरोबर येतो: जून-जुलैपासून सप्टेंबरपर्यंत एक मोठी लाट, आणि जानेवारी ते मार्चमध्ये दुसरी. म्हणून श्रीनगरला ऑक्टोबरात टोचलं तर चालतं. वर्ध्याला, यवतमाळला, अमरावतीला मृग लागायच्या आधी, एप्रिल-मे मध्ये टोचायला हवं, आणि लस हवी दक्षिण गोलार्धाच्या ताज्या यादीची. भूगोलाच्या पुस्तकात आपण उत्तरेत, लसीच्या पंचांगात दक्षिणेत.

आमच्या ३० डोसांच्या खोक्यांवर उत्तर गोलार्ध लिहिलेलं होतं आणि ते आले ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात. तोवर खोकल्याचे रुग्ण महिनाभर येत होते. उशीर कुठे झाला याचा माग मी काढत बसलो नाही, कारण त्याची एक कडी माझ्याच टेबलावर सापडली. मागणीपत्र एप्रिलमध्ये जायला हवं होतं; मी ते मेच्या अखेरीस पाठवलं. मार्च-एप्रिलचे दिवस अहवालांत गेले होते. शिवाय यादीत फक्त गरोदर माता घेतल्या, कारण त्यांची नोंदवही तयार असते. मधुमेही आणि रक्तदाबवाले चार वेगवेगळ्या रजिस्टरांत विखुरलेले. राष्ट्रीय लसीकरणाच्या वेळापत्रकात ही लस नाही. राज्यात ती जोखमीच्या लोकांना सरकारी दवाखान्यात मोफत मिळते, पण ती मागावी लागते, आपोआप येत नाही. बाहेर विकत घ्यायची तर एका डोसला निंदणाच्या बाईची आठवडाभराची मजुरी जाते.

मग मे महिन्यातच का देत नाही? कारण मे म्हणजे आमच्याकडे ४५ अंश. ही लस २ ते ८ अंशांतच ठेवायची. गरम झाली तर गेली, आणि गोठली तरी गेली. मे महिन्यात वीज दोन-दोन तास नसते, आयएलआरचा, म्हणजे लसीच्या फ्रीजचा, तक्ता सकाळ-संध्याकाळ भरताना सिस्टरचा जीव टांगणीला. कॅरिअरमधून गावात न्यायची तर आइसपॅक घाम फुटून आत पाणी खळखळेपर्यंत बाहेर ठेवायचे, नाहीतर उन्हाच्या धसक्याने जास्तच गार करून आपणच लस गोठवतो. धनुर्वाताच्या लसीसारखी कुपी हलवून गोठली का ते पाहायची युक्ती इथे चालत नाही. लोकांचीही तीच गत: दुपारी गाव कुलूपबंद, सकाळी लग्नाची वऱ्हाडं. जूनमध्ये पाऊस पडला की सारं गाव वावरात, कपाशीची सरकी टोबायला. लसीचं पंचांग, उन्हाचं पंचांग आणि शेतीचं पंचांग या तिन्हींत मोकळी अशी एकच खिडकी राहते, एप्रिल-मे मधली सकाळची सहा ते नऊ.

ऑगस्टचे डोस वाया गेले असं मात्र मी म्हणणार नाही. त्याच १७ जणांपुढे जानेवारीची लाट होती.

बोंडअळी

नऊ दिवसांनी आमचा कास्तकार घरी आला. अंगातलं पाणी उतरलेलं, आवाज बसलेला. मी भेटायला गेलो तर बाजेवर पडल्या पडल्या त्याने पहिला प्रश्न विचारला, दरवर्षी नवी सुई कशाला? गोवरची एकदा घेतली की झालं ना?

मी सांगितलं: विषाणू रूप बदलतो, आणि आधीच्या सुईची ताकदही सहा-आठ महिन्यांत उतरायला लागते. तो थोडा वेळ छताकडे पाहत राहिला. "म्हंजे बोंडअळीवानी. बीटी आली तवा चार वर्सं फवारा लागला नाई. मंग अळीनंच बीटी खायाले सुरुवात केली."

इतकं चपखल मला सुचलं नसतं. बोंडअळीला मारणारं विष झाडातच तयार करणारी बीटी कपाशी २००२ मध्ये आली, दुसरी पिढी २००६ मध्ये. आणि २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भाची कपाशी पोखरली हे इथल्या प्रत्येकाच्या घरातलं दुःख आहे. उपमेत एक ठिगळ लागतं, ते मी त्याला तिथेच लावलं: बोंडअळी बीटीच्या दाबाखाली बदलली, फ्लूचा विषाणू मुख्यतः आपण सगळे आजारी पडून बरे होतो त्या प्रतिकाराखाली बदलतो. लस घेतली म्हणून तो बिघडतो असं नाही. त्यातही एच३एन२ हा सर्वांत चपळ. शिवाय अंड्यात वाढताना तो अंड्याला जुळवून घेतो, आणि लसीतलं त्याचं रूप माणसांत फिरणाऱ्या रूपापासून थोडं सरकतं. बियाण्याच्या थैलीवर एक नाव आणि आत दुसरंच वाण, असं काहीसं.

कधी उलटही होतं. बी प्रकारातलं यामागाता नावाचं घराणं मार्च २०२० नंतर जगात कुठेच खात्रीने सापडलेलं नाही. म्हणून २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते लसीतून काढायला सांगितलं आणि चार विषाणूंची लस पुन्हा तिनाची होऊ लागली. आमच्या फार्मसिस्टला वाटलं, माल कमी करून पाठवायला लागले.

अंड्याची गोष्ट निघाली तेव्हा कास्तकाराची बायको चमकली. ती माळकरी. "हे आंड्याचं हाय?" मी हो म्हणालो. अंड्यात वाढवतात, मग धुऊन गाळून शुद्ध करतात, अंश राहिला तर अगदी नखभर. लपवलं असतं तर तिने घेतली असती आणि कधीतरी कुणीतरी तिला सांगितलंच असतं. तिने तेव्हा घेतली नाही.

'स्वाइन फ्लू' या नावानेही आमचा पिच्छा सोडलेला नाही. अहवालात तो एच१एन१ नव्हताच, तरी गावाने त्या आठवड्यात डुकरं हाकलायचा ठराव केला. २००९ चा तो विषाणू १० ऑगस्ट २०१० ला महासाथ संपल्याचं जाहीर झाल्यापासून माणसांतला नेहमीचा फ्लू होऊन बसला आहे. २०१५ आणि २०१७ मध्ये त्याने राज्याला पुन्हा दणका दिला तोही माणसाकडून माणसाला लागूनच. डुकरांचा गावाला इतर बाबतीत त्रास आहे, म्हणून मी ठरावाच्या आड आलो नाही.

आशाताईंची जाऊ

नकार दिलेल्या तिघींपैकी ही एक, सातवा महिना. मी दोनदा घरी गेलो. सासू समोर बसायची, सून आत. गरोदरपणात फ्लू जड जातो, आणि आईला टोचलं की बाळालाही काही महिन्यांचं संरक्षण मिळतं. बाळाला स्वतःला सहा महिन्यांपर्यंत ही लस देताच येत नाही, त्यामुळे त्याच्यासाठी एवढा एकच रस्ता. बांगलादेशातल्या, २००८ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात टोचलेल्या आयांच्या बाळांमध्ये खात्रीचा फ्लू ६३ टक्क्यांनी कमी निघाला होता. मी हे सगळं सांगितलं. सासू म्हणाली, "त्या मानसाचं काय झालं ते आमी पायलं ना."

मी आशाताईंना म्हटलं, सुईचा आग्रह सोडा. तापाचा धरा. ताप आला त्या दिवशी, त्याच दिवशी, मला फोन.

सप्टेंबरच्या अखेरीस एका संध्याकाळी सातला फोन आला. सकाळपासून ताप, घसा, अंगदुखी. ऑक्सिजन ९८, श्वास ठीक. आठ वाजता गोळी सुरू. नमुना पाठवला, तोही एच३एन२ निघाला. पाच दिवस सकाळ-संध्याकाळ गोळी, आशाताईंची रोज फेरी, बोटाला यंत्र. ती घरीच बरी झाली, नोव्हेंबरात पूर्ण दिवसांची बाळंत झाली. त्याच बाईने सुईबद्दल आमच्यावर विश्वास टाकला नाही आणि फोनबद्दल टाकला, याचं मला तेव्हा वाईट वाटलं होतं. आता वाटत नाही.

कास्तकाराला रविवारी असा फोन करणारं कुणी नव्हतं. मधुमेह्यांना आशाताई भेटतात ते महिन्याच्या गोळ्यांपुरतं. तो फरक आमच्या कुठल्याच तक्त्यात दिसत नव्हता.

पुढच्या वर्षी

फेब्रुवारीत आम्ही चार रजिस्टरं एकत्र केली. गरोदर, मधुमेही, रक्तदाब, दमा, हृदयविकार: १३१ नावं. हृदयविकारवाले मी मुद्दाम घातले, कारण फ्लूनंतरच्या पहिल्या आठवड्यात हृदयविकाराच्या झटक्याची शक्यता सहापटीपर्यंत वाढते असं कॅनडातल्या २०१८ च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं होतं. 'फ्लूने गेला' म्हणून त्यांची नोंद होतच नाही. मागणीपत्र मार्चच्या पहिल्या आठवड्यात गेलं. मेच्या दुसऱ्या आठवड्यात डोस आले, दक्षिण गोलार्धाचे. आले २४.

१३१ पैकी २४ निवडायचे ही वेगळीच डोकेदुखी. दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीतल्या गरोदर बाया आधी, मग साठीपुढचे मधुमेही ज्यांना दुसराही आजार आहे, मग रुग्णवाहिकेचा चालक, कारण तो साऱ्या खोकणाऱ्यांना शेजारी बसवून नेतो. सरपंचांच्या वडिलांचं नाव बसलं नाही. त्यावरून दोन दिवस माझ्याशी कुणी नीट बोललं नाही.

सकाळी साडेसहाला मारुतीच्या पारावर कॅरिअर. सभेतलं माझं वाक्य आशाताईंनी बदलून घेतलं होतं, आणि त्यांचं माझ्यापेक्षा बरं होतं: "ताप येनारच नाई असं मी सांगत नाई. पन भरती व्हायची पाळी कमी येते. पंधरा दिवस सुईले काम करू द्या. अन् ताप आलाच तं त्याच दिवशी मले सांगा." हे ऐकून दोघं उठून गेले. बाकीचे बसले. आमचा कास्तकार पहिल्या रांगेत होता, मुलगा नव्हता. बायको पाराच्या कडेला माळ ओढत उभी राहिली. शेवटचा एक डोस उरला तेव्हा तिने आशाताईंना काहीतरी विचारलं, आणि मग पदर सावरून दंड पुढे केला. काय विचारलं ते आशाताई अजून सांगत नाहीत.

ऑगस्टमध्ये कास्तकाराला पुन्हा ताप आला. फोन पहिल्याच दिवशी आला. नमुन्यात फ्लू निघाला नाही, डेंगूची एनएस१ तपासणी पॉझिटिव्ह आली. प्लेटलेट जरा उतरल्या, पाच दिवसांत सावरल्या. मी घरी गेलो तेव्हा मुलगाच दारात होता. ओट्यावर बसलेल्या शेजाऱ्याला तो सांगत होता, "यंदाचा ताप सुईचा नोहे, डासाचा हाय." मग माझ्याकडे वळून, अगदी सरळ चेहऱ्याने, "साहेब, मंग डासाची सुई कधी येते?"

आशाताईंनी त्याच्या अंगणातल्या उघड्या टाक्याकडे बोट दाखवलं.